गोट्याचा पत्ता

माझ्या धाकट्या बहिणीची दोन वर्षांपासून एकच तक्रार होती. "दादा, पोरगी एम.एस्सी. झाली. तिच्यासोबतच्या पोरी शाळेत लागल्या, बँकेत लागल्या. आणि आमची वावरा-वावरातून गोटे वेचत फिरते. लोक विचारतात, तर काय सांगू?"

भाची नागपूरला राहून भूशास्त्र शिकली. पुढे तिने पीएच.डी.साठी नाव नोंदविले. विषय जीवाश्मांचा, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे व वनस्पतींचे दगड झालेले अवशेष. आमच्या घरात पीएच.डी. हा शब्दच नवा, त्यात हा विषय! शेवटी बहीण म्हणाली, "तूच एकदा तिच्यासोबत जाऊन पाहून ये. आणि मला खरं सांग, यात तिच्या हाती काही लागणार आहे का?" म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी मी भाचीबरोबर पिसदुऱ्याला निघालो.

पहाटे नागपूरहून चंद्रपूरची एस.टी. धरली. बुटीबोरी, जाम, नांदोरी मागे टाकीत गाडी वरोऱ्याकडे धावू लागली. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, पऱ्हाटीवर शेवटच्या वेच्याचा कापूस, मध्ये तुरीचे तास. भाचीने खिडकीतून बोट दाखवून विचारले, "मामा, ही काळी माती कशाची?"

मी म्हणालो, "कापसाची."

ती खूप हसली. मग तिने समजावून सांगितले. आपल्याकडची ही काळी माती काळ्या दगडापासून झाली आणि तो काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्या दगडाने व्यापला आहे. सह्याद्रीचे कडे त्याच दगडाचे, आणि अजिंठा-वेरूळची लेणीही त्याच दगडात कोरलेली. आपण ज्या दगडापुढे इतक्या वेळा नतमस्तक झालो, तो एके काळी तापलेल्या गुळाच्या पाकासारखा वाहत होता, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

"पण माझं काम या दगडाच्या खालच्या थरात आहे," ती म्हणाली. लाव्हा या भागावर पसरण्याआधी येथे ओढे होते, तळी होती, दलदल होती. त्यांच्या गाळात त्या काळचे प्राणी गाडले गेले. त्या गाळाच्या थरांना लमेटा म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडले. वरचा काळा दगड जेथे झिजून गेला, तेथे खालचा हा जुना गाळ उघडा पडतो. वरोरा तालुक्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव ही अशीच दोन गावे.

वरोऱ्याला चहा घेतला आणि ऑटोने पिसदुरा गाठले. गाव आपल्या कोणत्याही गावासारखेच. दारात वाळत घातलेली तूर, सोयाबीनच्या कुटाराचे ढीग, पारावर बसलेली म्हातारी माणसे. मात्र गावाबाहेरच्या वावरात पाऊल टाकले की काळ्या मातीच्या जागी तांबडी चिकण माती दिसते. डोळ्यांना सवय नसेल तर तेथे नुसते गोटेच दिसतात. मलाही तेच दिसले.

या गोट्यांची कीर्ती मात्र जुनी आहे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपण सारे जाणतो. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. नागपूर परिसरातील दगड आणि जीवाश्म जमविण्याचा त्यांना छंद होता. पिसदुऱ्याचे अवशेष त्यांच्याच काळात विद्वानांच्या नजरेस आले. १८६३ साली टाकळघाटहून परतताना पुरात बुडून त्यांचा अंत झाला. पुढे १९३९ साली सी. ए. मॅटली या अभ्यासकाने पिसदुऱ्यात सापडणाऱ्या एका खास वस्तूवर स्वतंत्र लेख लिहिला. ती वस्तू कोणती, ते थोड्या वेळाने सांगतो. माझीही तिच्याशी ओळख जरा फजितीनेच झाली.

वावरात शिरण्याआधी भाची मालकाच्या घरी गेली, परवानगी घेतली, पाणी प्याली, चार शब्द बोलली. आम्ही पोहोचल्यावर तिने लगेच काही उचलले नाही. आधी धुऱ्यापासून अंतर मोजले, मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश पाहिले, वहीत नकाशा काढला. मग वाकून, पावलापावलाने, एकेका पट्ट्यातून चालू लागली. काही दिसले की शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, वहीत क्रमांक, मातीचा रंग, थर, दिशा. हे सारे लिहून झाल्यावरच वस्तू पिशवीत जाई, आणि पिशवीवर पुन्हा तोच क्रमांक.

मला हे फार संथ वाटले. मदत करावी म्हणून मी वावराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तेथे कणसासारखा लांबट, वेटोळ्यांच्या खुणा असलेला एक सुरेख गोटा दिसला. उचलला आणि खिशात टाकला. आणखी बरेच हिंडून अर्ध्या तासाने मोठ्या ऐटीत तो तिच्या हातावर ठेवला.

"मामा, हा कुठून उचललात?"

"त्या तिकडून."

"तिकडून म्हणजे कुठून? कोणत्या मातीवर पडला होता? तांबड्या की हिरवट? आजूबाजूला काय होतं?"

मला काहीच सांगता येईना. तिने गोटा हातात फिरवून पाहिला आणि परत दिला. "फार चांगला नमुना होता. पण आता याचा पत्ता हरवला. पत्ता नसलेला गोटा काही सांगू शकत नाही."

माझे आयुष्य आवक-जावक रजिस्टरात गेले. क्रमांक नसलेला कागद म्हणजे रद्दी, हे मी नव्या पोरांना रोज सांगतो. आणि तीच चूक मी येथे करून बसलो.

"पण हा आहे तरी काय?" मी विचारले.

ती हसू दाबीत म्हणाली, "शेण."

वाचकहो, तीच ती खास वस्तू! दगड झालेले शेण. शास्त्रात त्याला कॉप्रोलाइट म्हणतात. मॅटली यांनी लेख लिहिला तो यावरच.

शेजारच्या वावरात एक म्हातारी बाई कापूस वेचीत होती. आमचे बोलणे ऐकून ती धुऱ्यावर आली. "काय शोधता वो बाई? मागं पण लोकं येऊन गेले. गोटे कायले नेता?"

भाचीने सांगितले, "आजी, हे फार जुन्या काळच्या जनावरांचं शेण आहे. यावरून ते जनावर काय खायचं ते शोधतात."

आम्हाला वाटले, म्हातारी हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "त्यात काय नवल? शेण पाहिलं का समजते, म्हशीनं काय खाल्लं. कुटार खाल्लं का हिरवं खाल्लं. मी तर गोवऱ्या थापता थापता सांगतो."

भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, ऐकलंत? मोठमोठ्या प्रयोगशाळांत जे केलं, ते हेच."

मग तिने आम्हा दोघांना जी हकीकत सांगितली ती मी जन्मात विसरणार नाही. धान कापताना किंवा गवत उपटताना पातीने बोटे कापतात, हे ज्याने हे काम केले त्याला सांगायला नको. का कापतात? गवत जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच द्रव्य, शोषून घेते आणि पातीत त्याचे बारीक कण तयार होतात. डोळ्यांना न दिसणारे हे कण गवताच्या जातीप्रमाणे वेगवेगळ्या आकाराचे असतात. पात कुजते, कण मात्र टिकतात. जनावराच्या पोटातून जाऊनही टिकतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या या दगडी शेणात ते कण शोधले. २००५ च्या नोव्हेंबरात 'सायन्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचा लेख आला. तोपर्यंत बहुतेकांची समजूत होती की, गवताचा विस्तार डायनासोर नाहीसे झाल्यावर झाला. या शेणाने सांगितले की डायनासोर हयात असतानाच येथे गवत होते, एक नव्हे तर निदान पाच प्रकारचे. २०११ साली याच भागातील नमुन्यांवरून दुसरा लेख आला. त्यात धानाच्या कुळाशी नाते सांगणारे कण सापडले. आपण खातो तो तांदूळ तेव्हा होता असे नाही, पण त्याच्या दूरच्या पूर्वजांचा वंश तेव्हाच सुरू झाला होता.

"म्हणजे या आमच्या वावरातून हे कळलं?" म्हातारीने विचारले.

"हो आजी, इथूनच. आता जगभरच्या अभ्यासकांना तुमच्या गावाचं नाव माहीत आहे."

म्हातारी थोडा वेळ तांबड्या मातीकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "आमाले तर कोणी सांगितलं नाई." आणि पुन्हा कापूस वेचायला गेली. तिचे हे वाक्य माझ्या मनाला लागून राहिले.

ते शेण नक्की डायनासोरचेच का, असे मी विचारले. भाची म्हणाली, मोठे गोळे सोरोपॉड जातीच्या लांबमानेच्या डायनासोरचे असावेत असे मानतात, कारण त्यांची हाडे याच भागात सापडतात. पण याबाबत शंका घेणारेही अभ्यासक आहेत. "जेवढं ठाऊक तेवढंच बोलायचं, मामा. उरलेलं पुढच्यांसाठी ठेवायचं."

दुपारी डोंगरगावची टेकडी पाहिली. १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहन लाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांना येथे एका मोठ्या डायनासोरचे अवशेष मिळाले. त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला १९९७ साली. २००३ साली दुसऱ्या अभ्यासकांनी ती वेगळीच जात असल्याचे ठरवून तिला इसिसॉरस हे नाव दिले, त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. मी मनात हिशेब केला. खोदण्यापासून लेखापर्यंत अकरा वर्षे आणि नाव ठरायला आणखी सहा. आणि माझी बहीण दोन वर्षांत कंटाळली होती!

रात्री वरोऱ्यात मुक्काम केला. जेवताना भाची मोकळी झाली. पहिल्या वर्षी हाती एक पैसा नव्हता. बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने खोलीचे भाडे भरले. नेट परीक्षा दुसऱ्या खेपेस चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हा जे.आर.एफ. मिळाली. ही रक्कम जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये अशी झाली आहे. आकडा चांगला आहे, पण तिचे पैसे कधी कधी महिनोन्महिने येत नसत. मग उधारी. आणि वावरात एकट्या मुलीने दिवस काढायचा म्हणजे काय, हे बायकांना वेगळे सांगायला नको. ना आडोसा, ना सावली. पाणी जपून प्यायचे. पन्नास किलो माती पोत्यात भरून एस.टी.त चढविताना कंडक्टर विचारतो, "काय आहे यात?" माती म्हटले तर त्याचा विश्वास बसत नाही. "एकदा तर त्यांनी पोतं उघडून पाहिलं," ती सांगत होती, "आणि मग मला लगेज न लावता बसू दिलं."

त्या पोत्यांचे पुढे काय होते, हे पाहायला मी पंधरा दिवसांनी तिच्या विभागात गेलो. मातीची ढेकळे उन्हात वाळवायची. मग त्यांत रॉकेल मुरवायचे, नंतर पाण्यात भिजत घालायची. चिखल झाला की एकाखाली एक ठेवलेल्या बारीक चाळण्यांतून धुवायचा, आपण तांदूळ धुतो तसा, पण शंभर वेळा. पोतेभर मातीतून शेवटी मूठ-दोन मूठ कण उरतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पसरून ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण बाजूला सारायचा. तिचा शोध त्या काळच्या तळ्यातल्या लहान जीवांचा. माशांचे दात, गोगलगायींचे शंख, शिंपल्यात राहणारे टाचणीच्या टोकाएवढे जीव. मोठा डायनासोर कुठे पाणी पीत होता, ते पाणी गोडे होते की खारे, वाहते होते की साचलेले, हे या लहानांकडूनच कळते. कधी कधी तीन-तीन दिवस काहीच सापडत नाही. त्या दिवशी तिने मला एक माशाचा दात दाखविला. मोहरीपेक्षाही लहान, पण काचेसारखा चमकत होता.

भिंतीजवळ एक पोते वेगळे ठेवलेले दिसले. त्यावर लाल खूण होती. मी विचारले तेव्हा तिचा चेहरा उतरला.

मागच्या हंगामातील एका जागेचे ते सारे नमुने. रॉकेल-पाण्याच्या कामात पिशव्यांवरची शाई धुऊन गेली आणि आतल्या चिठ्ठ्याही भिजून वाचता येईनात. कोणती पिशवी वरच्या थरातली आणि कोणती खालच्या, हे कळायला मार्ग उरला नाही. त्यातले कण निवडून झाले होते. त्यांत चांगले दातही मिळाले होते. सहा महिन्यांचे काम.

"मग आता?"

"सरांना मीच जाऊन सांगितलं. हे प्रबंधात घेता येणार नाही. पुन्हा जाऊन पुन्हा माती आणावी लागेल. एक हंगाम गेला."

मी इकडे-तिकडे पाहिले आणि हळूच म्हणालो, "अगं, तुला साधारण अंदाज असेलच ना? टाक लिहून. कोण पाहायला येतो?"

तिने माझ्याकडे पाहिले. रागावली नाही. म्हणाली, "मामा, कोणी येणार नाही. पण वीस वर्षांनी कोणी माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून त्यावर आपलं काम उभं केलं तर? तो माणूस फसेल ना."

मग तिने मला धनंजय मोहबे यांची गोष्ट सांगितली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करताना १९८० च्या दशकात त्यांना गुजरातमधील ढोली डुंगरी येथे डायनासोरची अंडी आणि काही हाडे एकत्र सापडली. ती सारी हाडे डायनासोरच्या पिलांची आहेत, असे त्यांनी १९८७ साली लिहिले. पुढे २००१ साली अमेरिकेचे जेफ्री विल्सन यांनी तो नमुना पाहिला, तेव्हा त्यातली काही हाडे सापाची असल्याचे त्यांच्या लक्षात आले. मग दोघांनी सहकाऱ्यांसह पुन्हा अभ्यास केला आणि २०१० साली जगाला सांगितले की, घरट्यात शिरून अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला हा साडेतीन मीटरांचा साप आहे. 'सानाजेह' हे त्याचे नाव. "पहिला अर्थ चुकला होता," भाची म्हणाली, "पण नमुना आणि त्याची नोंद नीट जपलेली होती, म्हणून तेवीस वर्षांनी चूक दुरुस्त झाली. अर्थ चुकला तर सुधारता येतो, मामा. नोंदच खोटी असली तर काही सुधारता येत नाही."

मी खजील झालो. मुलगी शिकली म्हणजे काय झाले, ते मला त्या लाल खुणेच्या पोत्यापाशी समजले.

त्यानंतर मीच बहिणीला एके दिवशी विभागात घेऊन गेलो. भाचीने तिला सूक्ष्मदर्शकातून माशाचा दात दाखविला. बहीण बराच वेळ पाहत राहिली. मग त्या छापील लेखातले गवताच्या कणांचे फोटो दाखवून त्यांची हकीकत सांगितली. माझ्या बहिणीचे लहानपण मूलकडे लोकांच्या बांध्यांत धान कापण्यात गेले. आपली बोटे उलटसुलट करून ती म्हणाली, "म्हणजे आमचे हात ज्यानं कापले, ते हे?"

"हो आई, हेच."

बहीण आणखी काही बोलली नाही. घरी परतताना बसमध्ये तिने एवढेच विचारले, "पुन्हा माती आणायला कधी जायचं म्हणाली ती? एकटी नको जाऊ दे. मी येते सोबत." आणि त्या फेब्रुवारीत ती खरोखरच गेली. पोरगी माप घेत होती आणि आई पिशवीत दोन-दोन चिठ्ठ्या टाकून, त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर गाठ मारीत होती.

आपल्या वाचकांना दोन गोष्टी सांगतो. एक, कोणाच्या वावरात हाडासारखा किंवा अंड्यासारखा गोटा दिसला तर तो उचलू नका, फोडू नका, विकू नका. जागेवरच फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. दुसरी, घरातल्या मुलाला वा मुलीला असल्या विषयाची ओढ असेल तर "यात काय मिळणार" म्हणून थांबवू नका. भूशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग नेट, असा हा रस्ता आहे. तो लांब आहे, पण तो आपल्या लेकरांना बंद नाही.

तो पिसदुऱ्याचा गोटा मी जागेवर ठेवायला दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेलो होतो, पण जागा कुठे सापडते! आता तो माझ्या घरी टेबलावर आहे. भाचीने स्वतःच्या अक्षरात त्याला चिठ्ठी चिकटवून दिली आहे. तिच्यावर लिहिले आहे : "पिसदुरा, ता. वरोरा. नेमकी जागा माहीत नाही."